स्टेशनला दोन दारं आहेत



बारावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकीत कर्जवसुलीचा विषय मागे पडतो आणि ‘पोरीला कुठं घालायचं’ हा विषय पुढे येतो. मी दौंड तालुक्यात सहयोगिनी म्हणून काम करते, त्यामुळे दर जून-जुलैला हे ऐकते. फी किती, वसतिगृह मिळेल का, पुस्तकांचं काय, हे सगळं आपण विचारतो. गटातून अंतर्गत कर्ज काढून फी भरणाऱ्या किती तरी आया मला माहीत आहेत. पण रेल्वेतून उतरल्यावर पोरगी कॉलेजपर्यंत जाणार कशी, हे बैठकीत कुणी विचारत नाही. ‘जाईल की रिक्षानं’ म्हणून सोडून देतो.

आज त्यावरच बोलायचं आहे. पुणे स्टेशन ते कॉलेज. अंतर पाहिलं तर पाच-सहा किलोमीटर. आपल्या गावापासून केडगाव स्टेशनही काहींना तेवढंच पडतं. पण या पाच-सहा किलोमीटरांपायी एक शिक्षण बंद पडता पडता राहिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या एका गटातल्या ताई. दोन म्हशी, दीड एकर, नवरा साखर कारखान्यावर हंगामी. मुलीला कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी मायलेकी सकाळच्या डेमूने पुण्याला गेल्या. गर्दी ज्या बाजूला निघाली त्या बाजूने मोठ्या दारातून बाहेर आल्या. बाहेर पाऊल टाकायच्या आत चार जणांनी विचारलं, ‘कुठं जायचं मावशी?’ एकाने पिशवीच हातात घेतली. तीनशे रुपये सांगितले. ताईंनी घासाघीस करून अडीचशेवर आणले आणि आपण जिंकलो असं त्यांना वाटलं. संध्याकाळी येताना पुन्हा दोनशे. घरी येऊन हिशोब सांगितला तेव्हा मुलीचे वडील रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, ‘रोजचे साडेचारशे. महिन्याचे किती होतात तूच सांग.’ मुलीने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने ताई मला म्हणाल्या, ‘मॅडम, फी भरलीय ती परत मिळते का हो?’

हे ऐकून मला माझंच आठवलं. मलाही पुण्यात प्रवेश मिळाला होता. वडील घेऊन गेले. स्टेशनबाहेर उभे राहून त्यांनी पंधरा मिनिटं गर्दी पाहिली, मला चहा पाजला आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो. पुढे मी बी.ए. बाहेरून केलं. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना रस्ता माहीत नव्हता, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटत होती.

म्हणून त्या ताईंना मी म्हटलं, फी परत मागू नका. रविवारी मी, तुम्ही आणि मुलगी, तिघी जाऊ. कॉलेज बंद असू दे, आपल्याला रस्ता शिकायचा आहे.

तर आता तो रस्ता सांगते. गाडीत बसल्यासारखं ऐका.

दौंडकडून पुण्याला जाताना पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर आणि मग पुणे. हडपसर आलं की बायका उठून उभ्या राहतात आणि काही जणी तिथेच उतरतात. हडपसर पुण्यातच आहे, पण आपल्याला हवं ते पुणे स्टेशन त्याच्या पुढचं. फलकावर ‘पुणे जंक्शन’ लिहिलेलं दिसेपर्यंत उतरायचं नाही.

उतरलात की थांबा. गर्दी जाऊ द्या. इथेच ताईंची चूक झाली होती, आणि माझ्या वडिलांचीही झाली असावी. पुणे स्टेशनला दोन बाजू आहेत. एक पुढची बाजू, म्हणजे एक नंबर फलाटाकडची. तिथे जुनी मोठी इमारत आहे, १९२५ साली बांधलेली. त्या बाजूला रिक्षा, पीएमपीएमएलच्या बसचं स्थानक आणि एसटी स्टँड आहे. दुसरी मागची बाजू, राजाबहादूर मिल रोडकडची. मेट्रो आहे ती या मागच्या बाजूला. गर्दीच्या मागे पुढच्या दारातून बाहेर पडलात तर मेट्रो दिसणारच नाही, दिसतील त्या रिक्षा.

तेव्हा फलाटावर उतरल्या उतरल्या पादचारी पुलावर चढायचं आणि मेट्रोची पाटी शोधायची. पाटी दिसली नाही तर विचारायचं, पण पिशवीला हात घालणाऱ्याला नाही. रेल्वे पोलीस, फलाटावरचा चहावाला किंवा हातात दप्तर असलेली कुठलीही मुलगी यांना विचारा. ‘मेट्रो कुठे’ एवढंच म्हटलं तरी चालतं. आम्ही ज्या मुलीला विचारलं ती स्वतःच पाटसची निघाली. तिने मेट्रोच्या दारापर्यंत सोडलं.

मेट्रोत पहिल्यांदा जाताना ताई जिन्यापाशी अडल्या. सरकता जिना. पदर अडकेल याची भीती, आणि वरून खाली येणारी पोरं हसतील याची त्याहून जास्त. मैत्रिणींनो, साडी असेल तर निऱ्या एका हाताने थोड्या उचलून धरा, दुसरा हात कठड्यावर ठेवा, आणि पाय दोन पायऱ्यांच्या मधल्या रेघेवर ठेवू नका. तरी भीती वाटली तर शेजारी लिफ्ट असते आणि साधा जिनाही असतो. ताई लिफ्टने आल्या. त्यात कमीपणा काही नाही.

आत गेल्यावर पिशवीची तपासणी होते, यंत्रातून जाते. मग तिकीट. खिडकीवर माणूस असतो, त्याला स्थानकाचं नाव सांगितलं की चौकोनी ठिपक्यांची खूण छापलेला कागद मिळतो. यंत्रावर आणि मोबाईलवरही तिकीट निघतं, ते मुलींना एकदा दाखवलं की पुढे त्या आपल्याला शिकवतात. हा कागद दाराजवळच्या काचेवर धरला की दार उघडतं. तो टाकून द्यायचा नाही, कारण उतरल्यावर बाहेर पडायलाही तोच लागतो. ताईंनी एसटीच्या सवयीने तो चुरगाळून बटव्यात खोचला होता. बाहेर पडताना तो यंत्राला वाचता येईना. खिडकीवरच्या बाईंनी सोडलं, पण चेहरा करून सोडलं.

कमीत कमी तिकीट १० रुपये. स्टेशनपासून कर्वे रस्त्यापर्यंत आम्हाला वीस रुपयांच्या आसपास पडलं. एक गंमत लक्षात ठेवा. शनिवारी आणि रविवारी मेट्रोत सगळ्यांनाच ३० टक्के सूट असते. आम्ही गेलो तो रविवार, म्हणून तिकीट कमी लागलं. तोच आकडा धरून महिन्याचा हिशोब केला तर सोमवारी चुकतो. विद्यार्थ्यांना मात्र पदवीपर्यंत इतर दिवशीही ३० टक्के सूट आहे. त्यासाठी विद्यार्थ्यांचं वेगळं कार्ड काढावं लागतं.

आता दिशा. या मार्गावर एका टोकाला वनाझ आणि दुसऱ्या टोकाला रामवाडी. कर्वे रस्त्याच्या कॉलेजांना जायचं तर वनाझकडे जाणारी गाडी. वाटेत मंगळवार पेठ, जिल्हा न्यायालय, पुणे महानगरपालिका, छत्रपती संभाजी उद्यान, डेक्कन जिमखाना, मग गरवारे कॉलेज आणि त्यानंतर नळस्टॉप. म्हणजे गरवारे हे सहावं स्थानक. ताईंनी बोटं मोडत मोजलं. गाडीत मराठीत नाव पुकारतात, तरीही मोजलं, आणि मला ते आवडलं. पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. एक डबा बायकांसाठी राखीव असतो. दारं आपोआप बंद होतात, तेव्हा ‘थांब, मी येते’ म्हणून दारात पाय घालायचा नाही. एकीची गाडी सुटली तर तिने पुढच्या गाडीने यायचं आणि आधीच्यांनी उतरून त्याच स्थानकावर थांबायचं, हे चढायच्या आधीच ठरवून ठेवा. पुढची गाडी काही मिनिटांत येते, आपल्या डेमूसारखं नाही.

आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या नावाचंच स्थानक आहे, बाहेर पडलं की कॉलेज. एसएनडीटीचं कॉलेज असेल तर नळस्टॉपला उतरून थोडं मागे चालायचं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॉलेजांना डेक्कन जिमखान्याला उतरून चालत जाता येतं, वीसेक मिनिटं धरा. आणि वाडिया कॉलेज असेल तर उलट दिशेला, रामवाडीकडच्या गाडीने पुढच्याच स्थानकावर उतरायचं. त्याचं नाव रुबी हॉल. तिथे प्रवेश मिळालेल्या मुलींनी तर मेट्रोचेही पैसे वाचवावेत, स्टेशनवरून पायी जाण्यासारखं आहे.

जाता जाता एक सांगते. या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते महर्षी कर्वे. पुढे हिंगण्याला त्यांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला होता. तेव्हा ते गावाबाहेरचं माळरान होतं. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, आणि हिंगणे ते कॉलेज रोज पायी यायचे-जायचे. १९१६ साली त्यांनी बायकांचं विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. कर्वे रस्त्यावरून मेट्रो जाताना मुलीने खिडकीतून खाली पाहिलं तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘रोज पायी? मग आपल्याला काय झालंय.’ ताई म्हणाल्या, ‘तू मेट्रोनंच जा.’

सगळी कॉलेजं मेट्रोच्या तोंडाशी नाहीत, हेही सांगायला हवं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच घ्या. पदवीनंतर एम.ए.ला किंवा हरवलेल्या गुणपत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीसाठी आपल्या मुलींना तिथे जावं लागतं. मेट्रोने जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून गाडी बदलायची. त्याच इमारतीत दुसऱ्या मार्गाची गाडी मिळते. पिंपरी-चिंचवडच्या दिशेने एक स्थानक पुढे शिवाजीनगर. तिथून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत बस किंवा रिक्षा. आणि फाटक आलं म्हणजे पोहोचलो असं नव्हे. आवार ४११ एकरांचं आहे, एखाद्या लहान गावाच्या शिवाराएवढं. ज्या विभागात काम आहे त्याचं नाव कागदावर लिहून न्या आणि फाटकावरच विचारा. मी एकदा चुकीच्या बाजूने अर्धा तास चालले होते, ऊन मी म्हणत होतं. झाडं भरपूर आहेत म्हणून निभावलं.

आता बसबद्दल. मेट्रो बंद असेल, पैसे कमी असतील किंवा कॉलेज मेट्रोपासून लांब असेल तर पीएमपीएमएल. बसचं स्थानक स्टेशनच्या पुढच्या बाजूला. कर्वे रस्त्याला जायचं तर कोथरूड डेपोची बस विचारायची आणि चढताना वाहकाला विचारून खात्री करायची, ‘गरवारे कॉलेजला थांबते का?’ नुसतं ‘कॉलेजला जाते का’ असं विचारू नका. पुण्यात दर दोन चौकांना कॉलेज आहे, वाहक हो म्हणेल.

बसच्या पाटीवरची नावं आपल्याला गोंधळात टाकतात. ‘मनपा’ म्हणजे महानगरपालिका. तिथून शहरभर बस सुटतात, तेव्हा चुकलात तर मनपाला या, तिथून दुसरी मिळते. परत येताना पाटी हवी ‘पुणे स्टेशन’. आणखी एक, जाताना जिथे उतरलो त्याच्या बरोबर समोर परतीचा थांबा असतो, हा आपला एसटीचा हिशोब पुण्यात चालत नाही. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकेरी आहेत. बस एकाने जाते, दुसऱ्याने येते. म्हणून तालमीच्या दिवशी जायचा रस्ता जितका पाहाल तितकाच यायचाही पाहा. आम्ही परतीच्या थांब्यावर उभं राहून मुलीला शेजारच्या दुकानाची पाटी पाठ करायला लावली. तिला ते फार बालिश वाटलं.

बसमध्ये ताईंनी ऐटीत सांगितलं, ‘बायकांचं अर्धं.’ वाहक हसला. एसटीत २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, पण पीएमपीएमएल वेगळी आणि एसटी वेगळी. इथे पूर्ण तिकीट. रोज दोन-तीन बस बदलणाऱ्या मुलीने विद्यार्थ्यांचा महिन्याचा पास काढावा. एकाच दिवशी चार ठिकाणी फिरायचं असेल तर दिवसाचा पास मिळतो. प्रवेशाच्या धावपळीत तो परवडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. रेल्वेचा महिन्याचा पास पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज मोफत असतो. पुन्हा सांगते, मोफत. मुलग्यांना ही सवलत बारावीपर्यंत आहे, मुलींना पदवीपर्यंत. सेकंड क्लासचा पास असतो, तेव्हा आरक्षित डब्यात चढायचं नाही. त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयातून प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा रेल्वेचा सवलतीचा दाखला घ्यावा लागतो आणि तो स्टेशनच्या पासच्या खिडकीवर द्यावा लागतो. वयाची अटही असते, ती खिडकीवर विचारून घ्या. कॉलेजात हा दाखला कुणी आपण होऊन देत नाही, मागावा लागतो. त्या ताईंच्या मुलीला कार्यालयात सांगितलं, ‘पुढच्या आठवड्यात या.’ पुढच्या आठवड्यात, ‘साहेब नाहीत.’ तिसऱ्या वेळी ताई स्वतः गेल्या आणि बाकावर बसून राहिल्या. दुपारी तीनला दाखला मिळाला. बाकावर बसून राहणं आपल्याला येतं, बँकेने शिकवलंय.

कॉलेजचं बोनाफाईड काढतानाही एकदम तीन-चार प्रती घ्या. मेट्रोच्या कार्डाला, बसच्या पासला, गावाकडच्या एसटीच्या पासला, प्रत्येक ठिकाणी कागद लागतो आणि प्रत्येक वेळी एक दिवस मोडतो.

वेळेचा हिशोब असा मांडा. केडगावहून पुण्याला तास-सव्वा तास, पण डेमू वेळेवरच येईल हे कुणी लिहून देत नाही. पुण्यात उतरल्यापासून पूल, तपासणी, तिकीट, मेट्रो आणि वर्गापर्यंतचं चालणं मिळून पाऊण तास धरा. सवय झाली की अर्ध्या तासात होतं. पहिल्या महिन्यात मात्र पाऊण तासच धरा, आणि परीक्षेच्या दिवशी एक गाडी आधीची पकडा.

रिक्षावाल्यांवर माझा राग नाही. पाऊस आहे, पेपर आहे, पाय मुरगळला आहे, तेव्हा रिक्षाच कामाला येते. पण मीटर टाकायला सांगा. ताईंनी दिलेल्या अडीचशेच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मीटरने ते अंतर होतं. मीटर नको म्हणाला तर पुढच्याला विचारा. मुलीच्या मोबाईलमध्ये रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर घालून ठेवा, आणि एक आपल्या गटाच्या अध्यक्षांचाही. आई शेतात असली आणि फोन घरी असला तर कुणीतरी उचलणारं हवं.

त्या रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही कर्वे रस्त्यावर उसाचा रस प्यायलो आणि परत फिरलो. परतीला मी मुद्दाम मागे राहिले. मुलगी पुढे, ताई मधे. मेट्रोचं दार, तिकीट, दिशा, पूल, फलाट, सगळं मुलीने केलं. एकदा ती रामवाडीऐवजी वनाझच्या बाजूला निघाली होती. ताईंनीच हाक मारली, ‘अगं, आलो ती दिशा ती!’

सोमवारी मुलगी कॉलेजला गेली. पण महिन्याभरात एक अडचण आली, आणि ती पुण्यातली नव्हती. संध्याकाळची डेमू केडगावला अंधार पडल्यावर यायची. स्टेशनपासून आमच्या वस्तीपर्यंत चार किलोमीटर, त्या वेळेला सहा सीटर मिळत नाही. पुण्यात दर काही मिनिटांनी गाडी, आणि आपल्या टोकाला काहीच नाही. वडील हंगामात कारखान्यावर. ताई म्हशींची धार सोडून कशा येणार?

हा विषय मग बैठकीत घेतला. बाहेरगावी शिकणाऱ्या किती मुली आहेत ते मोजलं तर आमच्या तीन गटांमिळून पाच निघाल्या. पाचही एकाच गाडीने येतात हे त्यांच्या आयांनाच माहीत नव्हतं. दोन सायकली गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतल्या, एक जुनी दुरुस्त केली. त्या स्टेशनजवळच्या आमच्याच गटातल्या एका सदस्याच्या किराणा दुकानामागे दिवसभर लावलेल्या असतात. संध्याकाळी पाच जणी तीन सायकलींवर येतात. अंधार असला की सगळ्यात पुढची बॅटरी लावते. गाडी उशिरा असली तर दुकानातल्या ताई गटाच्या फोनवर कळवतात.

तालुक्याच्या एसटी आगाराला आम्ही अर्ज दिला आहे. संध्याकाळची एक फेरी स्टेशनवरून, गाडीच्या वेळेला जोडून द्यावी म्हणून. पाच मुलींच्या आणि एकेचाळीस बायकांच्या सह्या आहेत. अजून उत्तर आलेलं नाही. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि बाकावर बसणार आहोत.